पालापाचोळा आणि मोडका सोफा

दिल्ली, नोएडा, गुडगावच्या आपल्या मराठी मंडळींचा नेहमीचा प्रश्न घेऊ: बागेतला पाला आणि घरातला मोडका सोफा, यांचं करायचं काय?

कचरागाडीत एकत्र भरून दिलं, तर ते गाझीपूरसारख्या डोंगरावर जाऊ शकतं. १९८४ पासून साचलेल्या त्या डोंगराचा एक भाग १ सप्टेंबर २०१७ ला कोसळला आणि दोन माणसं गेली. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून ओला कचरा आणि पाला कुजताना मिथेन तयार होतो. तिथल्या आगींमागे तोच असतो.

आणि पाला जाळायचाही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५००० रुपये दंड ठरवला. थंडीत पहारेकरी पाला पेटवून शेकत बसतात, त्यांना रागावण्याआधी सोसायटीने हीटर द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ झडतात, तेव्हा जाळीचं तीन-चार फूट रुंद गोल कुंपण करा. तळाला काटक्या घाला, म्हणजे हवा खेळते. वर पाल्याचा जाड थर, त्यावर हिरवं गवत, भाजीची देठं किंवा शेणकाला, पुन्हा पाला. नुसता कोरडा पाला लवकर कुजत नाही, त्याला हा नत्राचा पुरवठा लागतो. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी टपकू नये. वास आला तर कोरडा पाला वाढवा. दर पंधरा दिवसांनी खालीवर करा. मे महिन्यात ‘लू’ सुटली की ढीग वाळून बसतो, म्हणून ओलं गोणपाट टाकायला विसरू नका. पावसाळा सरता सरता खत हाताशी येतं.

आता सोफा. आपला भंगारवाला, म्हणजे इथला कबाडी, वजनावर घेतो. फोम जागा खातो आणि वजनात काहीच भरत नाही, म्हणून अख्खा सोफा बहुधा नको म्हणतो. घरीच सुटा करा: लोखंड, स्प्रिंगा आणि चांगलं लाकूड लगेच जातं. फोमच्या उशा होतात. कापसाची गादी तर पिंजून पुन्हा भरता येते. भुशाच्या दाबलेल्या फळ्या मात्र शेकोटीत घालू नका, त्यात रासायनिक गोंद असतो.

फ्रिज तेवढा घरी उघडू नका. आत गॅस आणि तेल असतं. तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या आणि पावती मागून घ्या.