आवडीनुसार वेळापत्रक : मते नव्हे, जोड्या मोजा

सहभागींची आवड विचारून संमेलनाचे वेळापत्रक लावताना ‘कोणत्या सत्राला किती मते’ हा आकडा पुरत नाही. त्यावरून फक्त सभागृह ठरते. मागणी जास्त, तर खुर्च्या जास्त. वेळ ठरवायला जोडी मोजावी लागते. अनुवाद आणि संपादन ही दोन्ही सत्रे ४० जणांना हवी असतील, तर ती एकाच वेळी समोरासमोर ठेवताच ४० जणांचे एक सत्र हुकते, म्हणजे सत्रांची टक्कर होते, मग दोन्ही सभागृहे कितीही मोठी असोत. १२ सत्रांच्या अशा ६६ जोड्या होतात.

हे अनुभवी संयोजक हातानेच जमवतो, असे म्हटले जाते. लहान कार्यक्रमात ते खरेही आहे. पण ९ सत्रे ३ स्लॉटमध्ये, म्हणजे वेळेच्या खणांमध्ये, तीन-तीन वाटण्याच्या २८० रीती आहेत (स्लॉटचा क्रम न धरता). १२ सत्रे ४ स्लॉटमध्ये वाटायची, तर १५,४००. गणितात हा आलेख रंगवण्याचा प्रश्न आहे : सत्र म्हणजे बिंदू, टक्कर म्हणजे रेषा, स्लॉट म्हणजे रंग; रेषेने जोडलेल्या बिंदूंना एकच रंग चालत नाही. पाच सत्रे वर्तुळात मांडा आणि प्रत्येकाची टक्कर फक्त दोन्ही शेजाऱ्यांशी धरा. दोन स्लॉट पुरत नाहीत, तिसरा लागतोच. रंगवण्याचा हा प्रश्न रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ‘एनपी-कम्प्लीट’ प्रश्नांच्या यादीत घातला. १९७६ मध्ये एव्हन, इताई आणि शमिर यांनी शिक्षक-वर्गांच्या वेळापत्रकाबाबत तेच सिद्ध केले. अशा प्रश्नांत अडचण ही, की मोठ्या वेळापत्रकाचे सर्वोत्तम उत्तर हमखास आणि झटपट देणारी रीत आजही ज्ञात नाही. त्यामुळे संगणकही बहुधा दोन सत्रांची अदलाबदल करत टकरींची बेरीज उतरवत नेतो.