०२४४४ : पाटोद्याचा कोड आणि सात तालुक्यांचा जिल्हा

बीड जिल्ह्याचे एसटीडी कोड एकाखाली एक मांडून पाहावेत. आष्टी ०२४४१, बीड ०२४४२, माजलगाव ०२४४३, पाटोदा ०२४४४, केज ०२४४५, अंबाजोगाई ०२४४६, गेवराई ०२४४७. कोड सात, जिल्ह्याचे तालुके मात्र आज अकरा. परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार यांच्या नावाचा कोडच नाही. परळी वैजनाथसारखे ज्योतिर्लिंगाचे आणि औष्णिक वीज केंद्राचे गाव आजही अंबाजोगाईच्या कोडावर बोलते.

याचा उलगडा जनगणनेच्या पुस्तकांत होतो. १९९१च्या जनगणनेत बीड जिल्ह्याचे तालुके सातच होते, २००१च्या जनगणनेत ते अकरा झाले. टेलिफोन खात्याने देशाचे सुमारे २,६०० लहान आकारणी क्षेत्रांत तुकडे पाडले, ते बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या हद्दीने. महसूल खात्याने पुढे हद्दी बदलल्या, तहसील कचेऱ्या नव्या बांधल्या. टेलिफोनचा नकाशा जागच्या जागी राहिला. कोडांच्या यादीत बीड हे ‘भीर’ आणि माजलगाव हे ‘मांजलेगाव’ असे नोंदलेले दिसते, तेही याच जुन्या दफ्तराची खूण. फोनचा आकडा हे इतिहासाचे साधन आहे असे मी म्हणतो तेव्हा काही अभ्यासक हसतात. त्यांनी ही यादी पाहावी.

कोड येण्यापूर्वीची गोष्ट वेगळी होती. लहान गावांतल्या हाताने जोडणी करायच्या एक्सचेंजमध्ये नंबर एक किंवा दोन आकडीच असत. जुन्या आडत दुकानांच्या बिलबुकांवर ‘फोन नं. ९’ एवढेच छापलेले आढळते. पुष्कळदा तोही सांगावा लागत नसे; ‘अमक्या शेठचे दुकान द्या’ म्हटले की ऑपरेटर जोडून देई. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे दर चढत जात. ऑपरेटरविना थेट परगावी फोन लावण्याची सोय देशात २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली, पण बालाघाटच्या डोंगरात ती पोचायला मधे बराच काळ जावा लागला.

तिला वाट करून दिली ती १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने. तिचे ग्रामीण एक्सचेंज अवघ्या १२८ जोडण्यांचे होते. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल अशी त्याची रचना. पहिले १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. मोठ्या शहराचे यंत्र लहान करून खेड्यात नेण्याऐवजी खेड्याच्या मापाचे यंत्र घडवले गेले, ही मला त्या दशकातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

मात्र १२८ जोडण्या म्हणजे फार तर १२८ घरे. उरलेल्यांचे काय? उत्तर त्या काळच्या लग्नपत्रिकांवर छापलेले आहे : नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’. मूळ शब्द ट्रंक कॉलच्या वर्गवारीतला, ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवून द्यायचा कॉल. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला ‘शेजाऱ्याचा फोन’. किराणा दुकानातला एक नंबर अख्ख्या गल्लीचा असे. दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातली निम्मी वस्ती कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जाई, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आजारपणाची किंवा बाळंतपणाची बातमी अशाच नंबरावरून मुकादमापर्यंत आणि त्याच्याकडून फडात पोचे. बातमी उशिरा पोचे, अर्धवट पोचे. पण नंबर कोणाच्या दारात आहे हे सगळ्यांना ठाऊक असे.

२००२-०३च्या सुमारास सरकारी फोनच्या प्रत्येक नंबरामागे २ हा आकडा लागला. खासगी कंपन्यांनाही घरगुती फोनची परवानगी मिळाली होती. पहिल्या आकड्यावरून कंपनी ओळखायची, त्यात २ सरकारी खात्याच्या वाट्याला आला. पाटोद्याचे पाच आकडी नंबर सहा आकडी झाले. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे, हे सूत्र देशभर बसले. म्हणून मुंबईला कोड दोन आकडी आणि नंबर आठ आकडी, औरंगाबादला तीन आणि सात, पाटोद्याला चार आणि सहा. गाव जितके लहान तितका त्याचा कोड लांब! मधे काही वर्षे राज्यातल्या जवळच्या गावांना शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलता येई, हेही वाचकांना आठवत असेल.

मग मोबाइल आला आणि नंबर जागेचा न राहता माणसाचा झाला. सुरुवातीला ९४२२ म्हटले की बीएसएनएल आणि महाराष्ट्र-गोवा मंडळ एवढे तरी कळे. २० जानेवारी २०११पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि २०१५पासून राज्यही. आता पाटोद्याच्या माणसाचा नंबर बेळगावकडच्या कारखान्यावर घेतलेला असू शकतो.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत याला एक जड बाजू आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही, शिल्लकही उरली नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देते. घरात दोन सिम. त्यातले एक हंगामात रिचार्जविना पडून राहते. बँक खाते, आधार, पीकविमा सारे त्याच नंबराला जोडलेले. परत आल्यावर ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. किराणा दुकानातला पी.पी. नंबर असा परक्याकडे जात नसे.

१५ जानेवारी २०२१पासून घरच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावे लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आणखी एक शिफारस केली : घरगुती फोनवरून घरगुती फोनला, अगदी गावातल्या गावातही, शून्य आणि कोडासह पूर्ण नंबर लावावा. कोड होते तेच राहतील. ही शिफारस अमलात आली की पाटोद्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला गावातल्याच तहसील कचेरीत फोन लावताना ०२४४४ फिरवावे लागेल.