अदृश्य सवंगडी आणि धास्तावलेले घर

घरात तीन-चार वर्षांचे मूल असले, की कधीकधी कुटुंबात असा एक सदस्य येऊन दाखल होतो, ज्याचे नाव रेशनकार्डावर नसते. त्याच्यासाठी जेवणाच्या वेळी वेगळी वाटी मांडावी लागते, गाडीत जागा ठेवावी लागते. आजोबा सोफ्यावर टेकू लागले तर "तिथे नका बसू, तिथे तो बसला आहे" अशी ताकीद मिळते. येथपर्यंत सारे घर कौतुकाने हसत असते. मग एखाद्या संध्याकाळी तेच मूल अगदी सहजपणे सांगते, "त्याला डोळे नाहीत," किंवा "तो कपाटात राहतो आणि रात्री बाहेर येतो," किंवा "तो मेलेला आहे, पण माझ्याशी खेळायला येतो." मूल पुन्हा आपल्या खेळण्यांकडे वळते. मोठ्यांचा मात्र घास घशात अडकतो.

त्या रात्री मूल शांत झोपते आणि आईवडील जागे राहतात. वास्तूत काही दोष आहे काय, कोणाची दृष्ट लागली काय, मुलाच्या डोक्यात काही बिघाड आहे काय, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. या भीतीच्या भरात मोठी माणसे जे करतात, त्याचा परिणाम त्या अदृश्य मित्रापेक्षा अधिक काळ टिकतो. म्हणूनच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

अपवाद नव्हे, बालपणाचा भाग

मानसशास्त्रात अशा मित्राला 'काल्पनिक सवंगडी' म्हणतात. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील प्राध्यापिका मार्जोरी टेलर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून त्यांचे यावरील पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी व स्टेफनी कार्लसन आदी सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात शंभर मुलांचा विचार केला होता. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांना सात वर्षांच्या वयापर्यंत केव्हा ना केव्हा असा सवंगडी होता. ज्या बाहुल्यांना वा कापडी प्राण्यांना मुलाने स्वतंत्र स्वभाव आणि आवाज दिलेला असतो, त्यांचाही यात समावेश होता. ज्या गोष्टीला घरोघरी 'विचित्र प्रकार' म्हटले जाते, ती त्या पाहणीतील निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत घडली होती.

असे मूल एकलकोंडे, दुःखी किंवा भ्रमिष्ट असते, ही समजूतही अभ्यासाला उतरलेली नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल ट्रायॉनफी आणि इलेन रीझ यांनी साडेपाच वर्षांच्या ४८ मुलांकडून गोष्टी सांगवून घेतल्या. त्यांपैकी २३ मुलांना काल्पनिक सवंगडी होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की सवंगडी असलेल्या मुलांचा शब्दसंग्रह इतरांहून मोठा नव्हता. परंतु त्यांचे कथन अधिक भरघोस होते. कोण, कोठे, केव्हा, कोण काय म्हणाले, हे ती ऐकणाऱ्याला नीट उलगडून सांगत होती. जो मित्र दुसऱ्याला दिसतच नाही, त्याची ओळख करून द्यायची तर वर्णनाची सवय लागणारच.

आणखी एक गोष्ट पालकांना धीर देणारी आहे. बहुतेक मुलांना आपला मित्र खरा नसल्याचे पक्के ठाऊक असते. संशोधक गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारू लागले, की काही मुले मध्येच थांबून, समोरच्या मोठ्या माणसाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतात, की हे सारे खोटे-खोटे आहे.

आपल्याकडे भातुकलीचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रिकाम्या बोळक्यातला भात आजी चवीने खाते, 'मीठ थोडे कमी पडले' असेही सांगते. न दिसणारा भात चालतो, मग न दिसणारा पाहुणा का चालू नये? खेळ एकच आहे; फक्त पहिल्याची सूत्रे मोठ्यांना ओळखीची आहेत आणि दुसऱ्याची नाहीत.

मग तो भीतिदायक का असतो?

पालकांचा खरा प्रश्न येथे असतो. मित्र कल्पनेतलाच आहे, तर तो गोड, गुणी का नाही? डोळे नसलेला, मेलेला, रागावणारा का?

याचे एक कारण असे, की मुलाच्या लेखी या शब्दांना मोठ्यांच्या मनातले वजन नसते. मृत्यू म्हणजे कायमचे जाणे, तो सर्वांनाच येतो आणि त्यातून परतणे नाही, हे मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगते. त्याआधी 'मेला' म्हणजे 'गावाला गेला' यासारखीच एक स्थिती असते. घरात आजोबांचे निधन झालेले असते, मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत असतात, भिंतीवर हार घातलेली तसबीर येते. मुलाला काही विचारता येत नाही आणि कोणी सांगतही नाही. मग ते आपल्या खेळात एक मेलेला मित्र आणते आणि त्याच्याकडून उत्तर मिळवू पाहते.

दुसरे कारण भीतीवर काबू मिळवण्याचे आहे. अंधाराची भीती या वयात सर्वसाधारण असते. कपाटातला राक्षस अनोळखी असेल तर भयंकर. त्याला नाव दिले, त्याला कोणती भाजी आवडत नाही हे ठरवले, की तो हाताखाली येतो. आणि तिसरे म्हणजे, सवंगडी नेहमी आज्ञाधारक असतोच असे नाही. तो हट्ट करतो, भांडतो, बोलावले तर येत नाही, हे टेलर यांच्या संशोधनातही दिसून आले आहे. कथाकाराची पात्रे त्याचे ऐकेनाशी होतात, असे लेखक सांगतात. तसाच काहीसा हा प्रकार.

येथे एका विसंगतीकडेही लक्ष द्यायला हवे. 'जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल' असे सांगून आपणच घरात एक अदृश्य भयंकर माणूस आणतो. मुलाने त्याला पुढे नाव-गाव दिले, की मात्र आपण दचकतो.

टॉर्कीच्या बागेतली मांजराची पिल्ले

रहस्यकथांची सम्राज्ञी अगाथा ख्रिस्ती यांचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. इंग्लंडमधील टॉर्की येथे १८९० मध्ये त्यांचा जन्म झाला. बहीण आणि भाऊ दोघेही दहा-अकरा वर्षांनी मोठे, त्यामुळे बालपण बव्हंशी एकटीने गेले. त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या अदृश्य सवंगड्यांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. प्रथम मांजराची पिल्ले होती आणि त्यांची विधवा आई मिसेस बेन्सन. पुढे शंभर मुलांची आई मिसेस ग्रीन आली; त्या शंभरांपैकी पूडल, स्क्विरल आणि ट्री ही तिघे विशेष लाडकी. त्यानंतर मनातल्या मनात भरणाऱ्या शाळेतील मुली आल्या. त्या मुलींची आठवण त्यांना उतारवयातही येत असे. कपाटात पोशाख ठेवताना तो त्यांच्यापैकी कोणाला शोभेल, असा विचार मनात येऊन जाई.

याच बालपणात एक भयंकर आकृतीही होती. हातात जुन्या पद्धतीची बंदूक घेतलेला एक माणूस त्यांच्या स्वप्नात येई. तो गोळी झाडील अशी भीती नव्हती. त्याचे तेथे असणेच असह्य होते. पुढे तर स्वप्नातल्या चहाच्या मेजावर बसलेल्या आईकडे पाहावे, तर आईच्या चेहऱ्यातून त्याचे थंड निळे डोळे रोखून पाहत असत. अशी स्वप्ने पाहणारी ही मुलगी पुढे जगातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक झाली. प्रत्येक कल्पक मूल लेखक होईल असा याचा अर्थ नाही. भीतिदायक कल्पना ही बिघाडाची खूण असतेच असे नाही, एवढा बोध पुरेसा आहे.

त्याहून मननीय आहे ती एक छोटी घटना. अगाथाला सांभाळणारी वृद्ध दाई एकदा घरातल्या मोलकरणीशी बोलत होती. ही मुलगी कशाशी खेळते, असा विषय निघाला, तेव्हा दाईने सांगितले, की ती मांजराची पिल्ले होऊन खेळते. त्यात ना थट्टा होती, ना राग. पण ते कानी पडताच चिमुकल्या अगाथाला अतोनात दुःख झाले. आपले गुपित इतरांच्या तोंडी गेले! त्या पिल्लांचा उच्चार पुन्हा कधीही मोठ्याने करायचा नाही, असे तिने ठरवून टाकले.

एका साध्या वाक्याने मुलाच्या मनाचे दार असे बंद होऊ शकते. मग जेथे पाहुण्यांसमोर हसे केले जाते किंवा धाक दाखवला जातो, तेथे काय होत असेल?

घराच्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे मुलाला खोटारडे ठरवणे. ज्या घरांत सत्याचा संस्कार कसोशीने केला जातो, तेथे ही शंका प्रामाणिकपणे येते. परंतु असत्याला फसवण्याचा हेतू लागतो. अदृश्य मित्रासाठी वाटी मागणारे मूल कोणाला फसवत नाही. 'दूध मी नाही, त्याने सांडले' असे म्हणून मूल दोष झटकू लागले, तर मित्राविषयी वाद न घालता 'बरे, मग दोघे मिळून पुसून टाका' एवढे म्हणावे. जबाबदारी मुलाकडेच राहते आणि खेळही मोडत नाही.

दुसरी चूक म्हणजे खेळाचा ताबा घेणे. काही पालक हौसेने स्वतःच त्या मित्राच्या आवाजात बोलू लागतात किंवा 'तो बघ, तुला अभ्यास करायला सांगतो आहे' असा त्याचा उपयोग करतात. मित्र मुलाचा आहे. मोठ्यांनी पाहुण्यासारखे, बोलावले तेवढेच जावे.

तिसरी आणि सर्वांत घातक चूक म्हणजे बाधा समजून उपाय करणे. कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ अँटोनिया मिल्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात पाश्चात्त्य देशांतील काल्पनिक सवंगडी असलेली मुले आणि भारतातील पूर्वजन्म आठवतो असे म्हटली जाणारी मुले यांची तुलना केली आहे. मुलाच्या बोलण्याला भोवतालचा समाज कोणता अर्थ देतो, हा प्रश्न त्या तुलनेत महत्त्वाचा ठरतो. एका घरी जो खेळ, तोच दुसऱ्या घरी पूर्वजन्म किंवा भूत. जैन परंपरेत जातिस्मरणाच्या कथा आहेत. मेघकुमाराला हत्तीच्या भवाचे स्मरण झाल्याची कथा अनेकांना परिचित आहे. पण त्या स्मरणाचे फळ संयमातील स्थिरता हे होते. मुलाच्या प्रत्येक अनाकलनीय वाक्यावर ती मुद्रा उमटवणे हा श्रद्धेचाही अवमानच आहे.

मीठ-मोहरीने दृष्ट काढण्यात आजीचे प्रेम असते हे खरे. पण 'तुझ्या अंगात काही शिरले आहे' हे वाक्य मुलाच्या मनात घर करते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हे असून त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

काळजी केव्हा करावी?

सर्वच बाबी हसण्यावारी नेण्याजोग्या नसतात. मूल त्या मित्राला स्वतःच घाबरत असेल आणि त्याला घालवू इच्छित असूनही तो जात नसेल. तो स्वतःला वा इतरांना इजा करण्याचे हुकूम देतो असे मूल सांगत असेल. झोप व भूक बिघडली असेल. खऱ्या मुलांशी खेळणे बंद झाले असेल. आधी येणारे बोलणे किंवा सवयी मागे पडल्या असतील. बोलता बोलता मूल शून्यात पाहत असेल किंवा शुद्ध हरपत असेल. तापात असंबद्ध बोलत असेल, तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ते आवश्यक वाटल्यास बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मानसिक आरोग्याविषयी सल्ला मिळतो.

एक शक्यता मात्र विशेष जागरूकतेने ध्यानात ठेवावी. जे स्वतःविषयी सांगता येत नाही, ते मूल कधीकधी मित्राच्या नावावर सांगते. 'त्याला एक काका मारतात', 'त्याला तो खेळ आवडत नाही, पण कोणाला सांगायचे नाही' अशी वाक्ये कानी आली, तर ती कल्पना म्हणून सोडून देऊ नयेत. उलटतपासणी न करता, चेहऱ्यावर भीती न आणता विचारावे, "मग त्याला काय वाटते? तो काय करतो?" मूल पुढे बोलेल. गैरप्रकाराची शंका आल्यास मुलांसाठी असलेला १०९८ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे.

म्हणूनच अदृश्य मित्राचे नाव ऐकून घर हसते, रागावते की शांतपणे ऐकते, याला एवढे महत्त्व आहे. बहुतेक सवंगडी आले तसे एके दिवशी निघून जातात; शाळा, खरे मित्र आणि नवे छंद यांच्या गर्दीत त्यांचे नावही विस्मरणात जाते. मागे उरते ती मुलाच्या मनातली आईवडिलांची पत. व्यापारात पत लहानलहान व्यवहारांतून बांधली जाते आणि अडचणीच्या दिवशी उपयोगी पडते, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको. न दिसणाऱ्या मित्रासाठी एक वाटी मांडणे हा तसाच लहान व्यवहार आहे. चौथ्या वर्षी ज्याचे बोलणे ऐकून घेतले गेले, ते मूल चौदाव्या वर्षी खरी अडचण घेऊन त्याच दाराशी येण्याची आशा अधिक असते.