वित्तीय अहवाल व अंतर्गत नियंत्रणे : नियामक मंडळाची जबाबदारी

हा घटक शिकवताना मी वर्गात आधी एक प्रश्न विचारतो. संस्थेचे हिशेब खोटे निघाले, तर जबाबदार कोण? बहुतेक जण ‘अकाउंटंट’ किंवा ‘ऑडिटर’ असे उत्तर देतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. हिशेब लिहिण्याचे काम अकाउंटंटचे आणि तपासून मत देण्याचे काम ऑडिटरचे असले, तरी ते हिशेब असतात संस्थेचे. म्हणून पहिली जबाबदारी संस्था चालवणाऱ्या मंडळाची असते. कंपनीत त्याला संचालक मंडळ म्हणतात, न्यासात विश्वस्त मंडळ आणि महाविद्यालयात नियामक मंडळ. येथे आपण कंपनीचे उदाहरण घेऊ.

१. कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४(५) नुसार संचालक मंडळाला आपल्या अहवालात जबाबदारीचे विधान करावे लागते. त्यातील मुख्य बाबी अशा :

अ) हिशेब लेखामानकांनुसार केले असून ते कंपनीच्या स्थितीचे खरे व वाजवी चित्र दाखवतात.
आ) मालमत्तेचे रक्षण व्हावे आणि गैरव्यवहार टळावेत वा उघडकीस यावेत, यासाठी पुरेशा नोंदी ठेवण्याची योग्य काळजी घेतली आहे.
इ) कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर अंतर्गत वित्तीय नियंत्रणे घालून दिली आहेत, ती पुरेशी आहेत आणि प्रत्यक्षात परिणामकारकपणे चालत आहेत.

‘आम्हाला माहीत नव्हते’ एवढे म्हणून येथे सुटका होत नाही. माहीत व्हावे यासाठी तुम्ही कोणती व्यवस्था केली होती, हा पुढचा प्रश्न असतो.

२. अंतर्गत नियंत्रण म्हणजे काय?

आपल्या प्रयोगशाळेची खरेदी आठवा. मागणी विभागप्रमुख करतात, मंजुरी प्राचार्य देतात, वस्तू भांडारपाल मोजून घेतो आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवतो, तर बिल लेखा विभाग चुकते करतो. एकच माणूस हे सर्व करू लागला, तर न आलेल्या यंत्राचेही बिल निघू शकते. कामांची विभागणी, मंजुरीच्या मर्यादा, बँक खात्याचा मेळ, साठ्याची प्रत्यक्ष मोजणी आणि अंतर्गत लेखापरीक्षण ही नियंत्रणाची नेहमीची साधने आहेत.

३. सत्यम प्रकरण

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीत सुमारे ५० हजार लोक काम करत होते. त्यांत आपल्यासारख्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले असंख्य अभियंते होते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब फुगवल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील रोख व बँक शिल्लक होती ५,३६१ कोटी रुपये. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे दर १०० रुपयांतले ९४ रुपये फक्त कागदावर होते.

कंपनीत स्वतंत्र संचालक होते, लेखापरीक्षण समिती होती आणि ऑडिटर नामांकित होते. संचालकांचे जबाबदारी विधान तेव्हाच्या १९५६ च्या कायद्यातही होते. तरीही हे घडले. खोट्या विक्रीसाठी सहा हजारांहून अधिक बनावट बिले तयार झाली होती. बँकेतील शिल्लक किती, हे ऑडिटरने बँकेकडून थेट विचारून घ्यायचे असते. येथे त्या पत्रव्यवहारावर कंपनीच्याच लोकांचा ताबा राहिला. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले.

४. अभियंत्याच्या नजरेने

नियंत्रण प्रणालीत संवेदक प्रत्यक्ष संयंत्रावर बसवतात. तापमान किती आहे, हे भट्टीऐवजी नियंत्रकालाच विचारले, तर तो नेहमी ‘बरोबर आहे’ असेच सांगेल. सत्यममध्ये नेमके हेच झाले. ज्यांना तपासायचे, त्यांच्याच हातून पुरावा येत होता. समित्या कागदोपत्री होत्या, पण मंडळापर्यंत माहिती पोहोचण्याची वाट एकच होती.

२०१३ च्या कायद्यात म्हणूनच भर ‘चालत आहेत’ या शब्दांवर आहे. काही लहान कंपन्यांना सूट असली, तरी इतरांच्या बाबतीत ही नियंत्रणे चालतात की नाही, यावर ऑडिटरलाही कलम १४३(३) नुसार मत द्यावे लागते. मात्र ऑडिटरच्या मतामुळे मंडळाची जबाबदारी कमी होत नाही.

५. मंडळाच्या सदस्याने काय विचारावे?

• शिल्लक रकमेचा दाखला बँकेकडून थेट आला का?
• इतकी रोकड पडून असल्यास तिच्यावर व्याज किती मिळाले?
• अंतर्गत लेखापरीक्षक मंडळाशी थेट बोलू शकतो का?
• मागील अहवालातील त्रुटी कोणी, कधी दूर केल्या?

उद्या तुमच्यापैकी कोणी कंपनीचा संचालक होईल, कोणी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार. हिशेबावर सही करण्यापूर्वी हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. ते विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. सदस्य म्हणून ते तुमचे कामच आहे.

स्वाध्याय

१. ऑडिटरची आणि नियामक मंडळाची जबाबदारी यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाच्या निधीसाठी तीन अंतर्गत नियंत्रणे सुचवा. प्रत्येक नियंत्रणाचा पुरावा कोणाकडून येईल, तेही लिहा.