साथीचा हिशेब – लेखांक 7 : टाळ्या कुणाला, नोंद कुणाची?

22 मार्च 2020 च्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळा देश गॅलरीत आणि अंगणात येऊन कोविडच्या साथीत कामावर असणाऱ्यांसाठी थाळ्या आणि टाळ्या वाजवत होता. 3 मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी रुग्णालयांवर फुलं टाकली. त्यानंतर ‘कोविड योद्धा’ सन्मानपत्रांचं पेव फुटलं. नगरसेवक, पतसंस्था, गणेश मंडळं, जो तो कुणाचा ना कुणाचा सन्मान करत होता. कागद बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच यायचा आणि त्यावर देणाऱ्याचा फोटो घेणाऱ्याच्या नावापेक्षा ठसठशीत असायचा. तरी मी त्या कौतुकाला ढोंग म्हणणार नाही. लोक घाबरलेले होते आणि आपल्यासाठी कुणीतरी बाहेर पडतंय याची जाणीव त्यांना खरोखर होती. या लेखांकाचा प्रश्न त्यापुढचा आहे. टाळ्या थांबल्यावर सरकारदरबारी कुणाच्या नावापुढे काय लिहिलं गेलं?

गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याबाबतीत टाळ्या आणि नोंद या दोन्ही गोष्टी भरपूर घडल्या. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झालं. साधारण हजार वस्तीमागे एक बाई, शक्यतो त्याच गावची सून. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. नवजात बाळ 42 दिवसांचं होईपर्यंत ठरलेल्या सहा गृहभेटी दिल्या की 250 रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पुरं झालं की 100. दर महिन्याच्या ठरावीक नेमून दिलेल्या कामांचे साथीच्या काळात वेगळे 2,000 मिळायचे. कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका.

आता या रचनेत साथ आणून बघा. टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं काही काळ थांबली, बायका दवाखान्यात जायला घाबरू लागल्या. म्हणजे ज्या कामांवर पैसे मिळायचे तीच कमी झाली, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं कोविडचं सर्वेक्षण नव्याने अंगावर आलं. त्या सर्वेक्षणासाठी केंद्राने महिन्याला 1,000 रुपये ठरवले. दिवसाला 33 रुपये. त्यात चहा-वडापाव झाला असता, रिक्षा नाही.

15 सप्टेंबर 2020 ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकाला रोज 50 घरांचं उद्दिष्ट. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, कपाळासमोर थर्मल गन धरायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, शुगर-बीपी विचारून लिहून घ्यायचं. सांगायला सोपं आहे. पण म्हाताऱ्या माणसाचं बोट गार असलं की ऑक्सिमीटर आकडा धड दाखवत नाही. मग आजोबांना तळहात चोळायला लावायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात आतून सून म्हणायची, ‘ताई, ताप होता ते लिहू नका हं, उगाच शाळेत नेऊन ठेवतील.’ शाळा म्हणजे विलगीकरण कक्ष.

इथेच आशाताईचं खरं कसब होतं, आणि ते कुठल्याही सन्मानपत्रात आलं नाही. पुण्या-मुंबईहून रात्री कुणाच्या घरी माणूस उतरला, कुणाच्या घरात खोकला ऐकू येतोय, कुणाची लेक सातव्या महिन्यात माहेरी आलीय, हे तिला शेजारीण म्हणून माहीत असायचं. तालुक्याच्या अधिकाऱ्याला ते कधीच कळलं नसतं. पण ते माहीत असण्याची किंमतही तिनेच मोजली. नोंद केली म्हणून भांडणं झाली, काही दारं तोंडावर बंद झाली, आणि घरी परतल्यावर सासूने आधी मोरीचा रस्ता दाखवला.

जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने तोडगा निघाला : मानधनात 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. पुढच्या वर्षी, 22 मे 2022 ला, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर केला. अभिनंदनाचे संदेश दिल्लीपासून गल्लीपर्यंत फिरले. मानधनात मोठी म्हणावी अशी, 5,000 रुपयांची वाढ राज्याने दिली ती मार्च 2024 मध्ये, त्याच वर्षी जानेवारीपासून चाललेल्या आणखी एका लांबलेल्या संपानंतर. आरोग्य संघटनेचा पुरस्कार आणि हातात पडणारे पैसे यांचा एकमेकांशी किती संबंध होता, हे या तारखाच सांगतात. वाढ संपाने मिळवली. स्वयंसेविका हा शिक्का मात्र दोन्हींपैकी कशानेही पुसला गेला नाही.

आशांना निदान संघटना होती. बाकीच्यांचं काय? दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, राज्य सरकारने निर्बंधांसोबत मदतही जाहीर केली. घरकामगार, रिक्षाचालक, बांधकाम मजूर यांना प्रत्येकी 1,500 रुपये. हेतू चांगलाच होता, पण अट अशी की घरकामगार नोंदणीकृत हवी आणि रिक्षाचालक परवानाधारक हवा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या किती जणींनी आपली नोंदणी करून घेतली असेल? आणि दुसऱ्याची रिक्षा पाळीवर घेऊन चालवणारा, संध्याकाळी मालकाला भाडं मोजून देणारा चालक? खाकी शर्ट आहे, बिल्लाही आहे, फक्त परवाना मालकाच्या नावावर. मदत कुणाला, तर ज्याचं नाव आधीच कुठल्यातरी वहीत होतं त्याला.

वही मुळात ठेवलीच नाही तर काय होतं, तेही पाहून घेऊ. 8 मे 2020 च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो देशभर छापून आले. सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारणा झाली, तेव्हा सरकारचं लेखी उत्तर होतं की घरी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. यावर मला वेगळं भाष्य सुचत नाही.

राहिला विमा. मार्च 2020 च्या अखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचं संरक्षण जाहीर केलं, आणि त्यात आशांनाही धरलं, याचं श्रेय द्यायला हवं. अडचण आली ती कडेच्या माणसांची. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांना महापालिकेची नोटीस आली होती की दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल करू. त्यांनी उघडा ठेवला आणि जून 2020 मध्ये कोविडने ते गेले. पत्नीने विम्याचा अर्ज केला, तर उत्तर मिळालं की त्यांची सेवा सरकारने अधिग्रहित केलेली नव्हती. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मानलं. नोटिशीत गुन्ह्याची धमकी होती, पण कोविड रुग्णांसाठी सेवा ताब्यात घेत असल्याचा उल्लेख नव्हता, असा तो युक्तिवाद.

डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य केली. त्या काळातले कायदे, नियम आणि आदेश एकत्र वाचले तर डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहितच झाल्या होत्या, प्रत्येकाच्या हातात वेगळं पत्र पडायला हवं असं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र कोविडच्या कामावर असताना मृत्यू झाला हे ज्याने त्याने पुराव्यानिशी दाखवायचं आहे. थाळ्या वाजल्या त्याला तेव्हा पावणेसहा वर्षं होत आली होती, आणि ज्या घरांनी पहिला नकार आल्यावर कागद माळ्यावर टाकून दिले, त्यांना आता हजेरीपट, केसपेपर आणि मृत्यूचा दाखला पुन्हा शोधायला लागायचं आहे.

(पुढील आठवड्यात : स्मशानभूमीतल्या पाळ्या)