हिंदुस्थान गळाला आणि कॅनडाचा डॉलर महागला

कॅनडाच्या चलनी चांदीच्या डॉलरांमध्ये १९४८ सालाइतके कमी डॉलर दुसऱ्या कुठल्याही सालाचे पडले नाहीत. त्यांची संख्या अवघी १८,७८०. ही दुर्मिळता आपल्या स्वातंत्र्याने घडवली आहे. सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याभोवती कॅनडाच्या नाण्यांवर जी लॅटिन अक्षरे असत, त्यांच्या शेवटी ‘इंड. इम्प.’ असे येई, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही बिरुदावली ठेवणे अशक्य झाले. ती वगळलेले नवे साचे लंडनच्या रॉयल मिंटकडून यायचे होते आणि ते वेळेवर आले नाहीत. नाण्यांची मागणी तर थांबत नव्हती. मग ओटावाच्या टाकसाळीने १९४७चेच साचे पुढे चालवले आणि ही नाणी १९४८मध्ये पाडली आहेत हे कळावे म्हणून सालाच्या आकड्याशेजारी मेपलचे एक बारीक पान कोरले. राजाने २२ जून १९४८ रोजी पदवी रीतसर सोडली. नवे साचे हाती आले तेव्हा वर्ष सरत आले होते, म्हणून खऱ्या १९४८ सालाचे डॉलर इतके थोडे निघाले. दिल्लीत झालेल्या सत्तांतराची नोंद ओटावात पाडलेल्या चांदीवर अशी उमटली. एवढी गोष्ट असूनही मराठीत जुन्या नाण्यांवर जे लिहिले जाते, त्यात हा डॉलर जवळजवळ कुठेच भेटत नाही, याची खंत वाटते.

हा डॉलर मध्यमवर्गीय खिशाला झेपणारा नाही. पण त्याच घटनेतून जन्मलेले, मेपलचे पान असलेले १९४७चे पंचवीस सेंट लाखांनी पडले आणि आजही चांदीच्या भावाहून फार वर जात नाहीत. दहा सेंट तर आणखी हलके. माझा मुद्दा इथेच सुरू होतो. नाण्याची किंमत दुर्मिळता ठरवते, पण ज्या घटनेमुळे एक नाणे दुर्मिळ झाले त्याच घटनेने त्याची स्वस्त भावंडेही घडवलेली असतात. थोड्या पैशात संग्रह करणाऱ्याच्या हाती दुय्यम इतिहास येतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. त्याला तोच इतिहास छोट्या नाण्यात मिळतो. शिवाय ही नाणी आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. कॅनडाचे पन्नास सेंट ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर आपल्या कलदार रुपयाइतके, एक तोळा. पंचवीस सेंट म्हणजे वजनाने आपली अधेली आणि चांदीचा डॉलर म्हणजे दोन रुपये. फरक कसाचा आहे. १८३५च्या कायद्याने आपला रुपया बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा ठरला आणि तो कस १९३९पर्यंत टिकला. ब्रिटनने १९२०मध्ये आपल्या नाण्यांतली चांदी ५० टक्क्यांवर आणली, कॅनडाने त्याच वर्षी ८० टक्क्यांवर.

हिंदुस्थान आणि कॅनडा या दोन देशांचा आणखी एक योगायोग आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९११मध्ये पाचव्या जॉर्जची पहिली नाणी दोन्हीकडे निघाली. मुखवटा एकाच शिल्पकाराचा, बर्ट्रम मॅकेनलचा, आणि वाद दोन्हीकडे पेटला. कॅनडात ‘देई ग्राशिया’, म्हणजे ईश्वरकृपेने, हे शब्द गाळले गेले होते. लोकांनी त्या नाण्यांना देव नसलेली नाणी ठरवले आणि पुढच्याच वर्षी ते शब्द परत आले. आपल्याकडच्या रुपयावर ते शब्द कधीच नव्हते आणि त्यांची उणीव कुणाला जाणवलीही नाही. इथे वाद झाला तो हत्तीवरून. भिंग घेऊन १९११चा रुपया पाहिला तर राजाच्या झग्यावर, छातीच्या खाली, अलंकाराच्या साखळीतला एक हत्ती दिसतो. त्याची सोंड आखूड, पाय बुटके आणि पाठ गोल. लोकांना तो हत्ती वाटला नाही, डुक्कर वाटला. मुसलमान समाजात संताप उसळला आणि सरकारने नाणी मागे घेतली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे सात लाख बाजारात गेले आणि बाकीचे वितळवले गेले. १९१२च्या रुपयावर हत्तीची सोंड ठळक करण्यात आली. १९११ आणि १९१२चे रुपये शेजारी ठेवले की राज्यकर्त्याने प्रजेपुढे घेतलेली माघार काही मिलिमीटर जागेत दिसते. १९११चा रुपया महाग असला तरी १९१२चा नाही. वादाचा अर्धा पुरावा त्या स्वस्त रुपयावरच आहे.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात. स्वस्त नाणे कायम स्वस्तच राहते, त्यात पैसे अडकवू नयेत, असे ते म्हणतात. माझ्या मते १९३९च्या रुपयाने याचे उत्तर दिलेले आहे. तो मुंबईत लाखांच्या संख्येने पडला होता. तेव्हा त्याला कुणी दुर्मिळ म्हटले नसते. युद्धात चांदी साठवून ठेवण्याची धावपळ सुरू झाली, १९४०पासून रुपयात निम्मीच चांदी उरली आणि १९४१ ते १९४३ या काळात आधी राणीछाप, मग एडवर्डचे, शेवटी जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये चलनातून रद्द झाले. १९३९चे बहुतेक रुपये मुशीत गेले आणि उरलेल्यांना आज लाखांची बोली लागते. म्हणजे दुर्मिळता पाडताना ठरते तितकीच वितळवताना ठरते, आणि वितळवणे अजून थांबलेले नाही. कॅनडाची चांदीची नाणी आजही कायदेशीर चलन आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय ती वितळवणे तिथे गुन्हा ठरतो. आपला जुना रुपया रद्द झालेला, म्हणून तो सराफाच्या लेखी निव्वळ मोड. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, तो वजनावर घेतला जातो आणि हुपरीत त्याचे पैंजण, वाळे, जोडवी होतात. हुपरीच्या कारागिरांना यात दोष देता येत नाही. त्यांना चांदी हवी आहे आणि राणीछाप रुपयाचा टंच खात्रीचा असतो.

दुसरा आक्षेप भावाचा आहे आणि तो अधिक खरा आहे. चांदी किलोला लाखाच्या पलीकडे गेल्यावर साधा रुपयाही स्वस्त राहिला नाही. लाखाचा भाव धरला तरी त्यातली १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदीच १,०६९ रुपयांची होते. पण संग्रह रुपयातूनच सुरू व्हावा असा काही नियम नाही. चांदीची चवली, म्हणजे दोन आणे, १.४६ ग्रॅमची असते. त्याच भावाने तिच्यात जेमतेम १३४ रुपयांची चांदी भरते. ती राणीच्या काळापासून १९१७पर्यंत पडली, १९१८पासून दोन आण्याचे नाणे गिलटाचे आणि चौकोनी झाले. राणी, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज अशा तीन चवल्यांत तीन राजवटी मावतात. १९४० ते १९४५च्या निम्म्या चांदीच्या रुपयांकडे तर संग्राहक नाक मुरडतात. मला ते फार बोलके वाटतात. त्यांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, बाकी निकेल आणि जस्त. युद्धाने रिकामी केलेली तिजोरी त्या मिश्रधातूत वाचता येते. त्या काळात अमेरिकेने हिंदुस्थानला कोट्यवधी औंस चांदी उसनी दिली होती आणि ती फेडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर हेच रुपये गोळा करून त्यांतली चांदी काढली गेली.

स्वस्तातली आणखी एक जात आहे, टाका मारलेली नाणी. गळ्यातल्या माळेसाठी कडी जोडलेली आणि पुढे ती काढून टाकलेली. काठावर डाग राहतो म्हणून जाणकार ती बाजूला सारतात. नाण्याची स्थिती पाहून किंमत करणे बाजाराला रास्तच आहे. पण रुपया तिजोरीतून बाईच्या गळ्यात गेला, म्हणजे तीच घरातली बचत झाली, हे त्या डागाइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही. बनावट नाण्यांच्या बाबतीतही गरीब संग्राहक अधिक सुरक्षित आहे. खोटा माल होतो तो मुख्यतः १९३९चा आणि १९११चा. १९३८च्या आकड्याला कोरून ३९ केलेला रुपया वजनात आणि कसात पास होतो, तो फक्त भिंगाखाली सापडतो. १९१७ची चवली बनवण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

नाणी पाडणे आणि वितळवणे या दोन्ही गोष्टी कोल्हापूरजवळच्या वारणा खोऱ्याला जवळच्या आहेत. वारणानगर ज्या तालुक्यात आहे त्याच पन्हाळ्यावर एके काळी कोल्हापूरकरांची टाकसाळ होती आणि चांदीच्या आटणीचे गाव हुपरीही याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तात्यासाहेब कोरे यांनी इथे साखर कारखाना उभा केला तो १९५०च्या दशकात. तोवर रुपया निकेलचा झाला होता, त्यामुळे उसाचे बिल इथे कधीच चांदीत मिळाले नाही. घरांतून लक्ष्मीपूजनाला जे राणीछाप रुपये पाटावर येतात, ते कारखान्याआधीच्या कमाईचे आहेत, गुळाच्या, तंबाखूच्या, जनावरांच्या, लष्करातल्या पगाराच्या. त्यांवर काय आहे हे पाहायला पैसे लागत नाहीत. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे, त्याखाली टिंब असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. १८६२चा राणीछाप असेल तर अधिक बारकाईने पाहावे. हेच साल पुढे दहा-बारा वर्षे गोठवलेले होते आणि मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला टिंबे वाढवत नेऊन वर्ष दाखवले, असे अभ्यासकांनी मांडले आहे. शंभर वर्षे उलटलेले नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा टोरांटोत राहणाऱ्या मुलाला भेट म्हणून ते नेता येत नाही. तिकडून मेपलच्या पानाचे पंचवीस सेंट मात्र मागवावेत. आणि घरचा रुपया मोडीत घालायचाच असेल, तर सराफाने तो मुशीत टाकण्याआधी साल, टिंबे, वजन आणि तो कुठल्या गावच्या घरातून आला एवढे एका वहीत लिहून ठेवावे. गुजरी आणि हुपरीतल्या दहा-बारा दुकानांनी दोन दिवाळ्या हे केले, तरी कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्या सालाची चांदी कुठे उतरली याची पहिली यादी तयार होईल.