तंबोरा का लावावा लागतो?

सतार, सरोद किंवा व्हायोलिन वाजवायला शिकायचे म्हटले, की काही वर्षांची तयारी ठेवावी लागते. तंबोऱ्याचे तसे नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने तो मांडीशी धरला, मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने पुढच्या तीन तारा एकामागून एक छेडल्या, की झाले. घाई करायची नाही आणि खंड पडू द्यायचा नाही, एवढे दोनच नियम. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असते, कोणी पाढे म्हणत असते, बाहेर दूधवाला हाक मारत असतो. आणि तरीही पाच मिनिटांत सारे घर त्या नादाने भरून जाते. पहिल्याच दिवशी इतका आनंद देणारे तंतुवाद्य दुसरे क्वचितच सापडेल.

मग अवघड काय आहे? अवघड आहे तो तंबोरा लावणे, म्हणजे त्याच्या तारा सुरात जुळवणे. घरात कोणी गाणारे असेल, तर तुम्ही हे पाहिलेच असेल. गवसणी काढली जाते, खुंट्या पिळल्या जातात, खालचे मणी कणाकणाने सरकवले जातात. आपल्याला वाटते, झाले की आता! पण वाजवणाऱ्याचे समाधान होत नाही. तो पुन्हा कान लावतो आणि पुन्हा मणी सरकवतो. हा माणूस एवढे काय ऐकत असतो? या प्रश्नाच्या उत्तरात भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा दडलेला आहे.

तार कशावर अवलंबून असते?

ताणलेली तार छेडली, की ती कंप पावते. एका सेकंदात जितकी कंपने होतात, तिला आपण तारेची कंपनसंख्या म्हणू. कंपनसंख्या वाढली की स्वर चढतो, कमी झाली की उतरतो. फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले. तारेची लांबी निम्मी केली, तर कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला, तरीही कंपनसंख्या दुप्पट होते. आणि लांबी व ताण तेच ठेवून चौपट वजनाची तार घेतली, तर कंपनसंख्या निम्मी होते. तंबोऱ्यातील खर्जाची तार जाड आणि पितळेची का असते, हे यावरून समजेल.

ताणाचा नियम घरी पडताळून पाहता येतो. सतारीची ०.३ मिलिमीटर जाडीची पोलादी तार घ्या. तिचे एक टोक भक्कम टेबलाच्या एका कडेला घट्ट बांधा आणि दुसरे टोक समोरच्या कडेवरून खाली सोडून त्याला झाकणाचा डबा टांगा. तारेखाली एकमेकांपासून ५० सेंटिमीटर अंतरावर दोन पेन्सिली आडव्या सरकवा. डबा धरून एकूण वजन १ किलोग्रॅम होईल इतके पाणी डब्यात भरा आणि पेन्सिलींमधली तार छेडा. हा स्वर आपला ‘सा’ माना. आता पाणी घालून एकूण वजन सव्वादोन किलोग्रॅम करा. ‘प’ ऐकू येईल. वजन ४ किलोग्रॅम केले, की वरचा ‘सा’ लागेल. कारण सव्वादोनचे वर्गमूळ दीड आणि चारचे वर्गमूळ दोन. वजन बदलल्यावर डबा किंचित उचलून सोडा, म्हणजे पेन्सिलीपाशी अडकलेला ताण सारखा होईल. तार तुटू शकते, म्हणून चेहरा दूर ठेवा आणि डब्याखाली पाय ठेवू नका. हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखत करावा.

प्रयोगात आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. नुसत्या तारेचा आवाज फारच लहान असतो. तार बारीक असते. ती हवेतून सुरीसारखी जाते. हवेला फारशी ढकलू शकत नाही. एका पेन्सिलीखाली रिकामी लाकडी पेटी ठेवली, तर आवाज लगेच मोठा होतो. तारेची कंपने पेटीच्या रुंद पृष्ठभागात उतरतात आणि तो पृष्ठभाग पुष्कळ हवा हलवतो. तंबोऱ्यात हेच काम भोपळा आणि त्यावर बसवलेली लाकडी तबली करतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी बनत आल्या आहेत. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे हा व्यवसाय उभा केला. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

जोडीच्या तारांची भाषा

आता तंबोरा लावायला बसू. साधारणतः त्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाच्या षड्जाची. (ज्या रागात पंचम नसतो, त्यासाठी पहिली तार बहुधा मध्यमात लावतात.) हिशेब सोपा व्हावा म्हणून पुरुषी आवाजाच्या मोठ्या तंबोऱ्याचे गोल आकडे घेऊ. जोडीच्या तारा सेकंदाला १४० कंपनांच्या, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ७०, आणि पंचम खर्जाच्या दीडपट म्हणजे १०५.

समजा, जोडीची एक तार १४० वर आहे आणि दुसरी चुकून १४२ वर. दोन्ही एकदम छेडल्या, तर काय होईल? एका क्षणी दोघींची कंपने एकाच दिशेने चालतील आणि आवाज वाढेल. थोड्या वेळाने ती परस्परविरुद्ध होतील आणि आवाज दबेल. असे सेकंदाला दोनदा होईल. आपल्याला दोन निराळे स्वर ऐकू येणार नाहीत. एकच स्वर झोपाळ्यावर बसल्यासारखा हेलकावे घेताना ऐकू येईल. फरक एका कंपनाचा राहिला, तर सेकंदाला एक हेलकावा. फरक पाव कंपनाचा राहिला, तर चार सेकंदांत एक. मणी सरकवणारा माणूस हेच हेलकावे ऐकत असतो. ते संथ होत होत नाहीसे झाले, की जोड जुळली!

पण १४० कंपनांत पाव कंपनाचा फरक कानाला कळावा कसा? इथे तंबोऱ्याची खरी करामत आहे.

जवारीचे भिंग

कोणतीही तार केवळ एकाच तऱ्हेने कंप पावत नाही. ती सबंध लांबीने हलते, त्याच वेळी दोन समान भागांत हलते, तीन भागांत हलते, चार भागांत हलते. म्हणून ७० च्या खर्जातून १४०, २१०, २८०, ३५०, ४२० असे वरचे स्वरही निघतात. त्यांना आपण उपस्वर म्हणू. बहुतेक वाद्यांत हे वरचे उपस्वर लवकर विरून जातात. तंबोऱ्यात ते टिकतात आणि झळाळतात.

त्याचे कारण घोडीत आहे. व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि माथ्यावर अगदी किंचित उतरती असते. तार हलते तेव्हा या उताराला पुन्हा पुन्हा घासून जाते आणि क्षणोक्षणी तिची मोकळी लांबी सूक्ष्म प्रमाणात बदलते. त्यामुळे खालच्या कंपनातील ऊर्जा सतत वरच्या उपस्वरांत जात राहते. घोडीच्या या घासलेल्या पृष्ठभागालाच जवारी म्हणतात. तारेखाली एक सुताचा किंवा रेशमाचा दोरा घालून तो पुढेमागे सरकवतात. तार घोडीला नेमकी कुठे सोडते, हे त्या दोऱ्यावर ठरते. दोरा योग्य जागी आला, की मुकी वाटणारी तार एकाएकी बोलू लागते. दोरा काढून पाहा आणि पुन्हा घालून पाहा. फरक लहान मुलालाही कळतो.

या विलक्षण घोडीने चंद्रशेखर वेंकट रामन यांचेही लक्ष वेधून घेतले होते. प्रकाशाच्या विकिरणावरील ज्या संशोधनासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या कितीतरी आधी ते कलकत्त्यात वाद्यांचा अभ्यास करीत होते. थॉमस यंग या शास्त्रज्ञाचा एक नियम प्रसिद्ध होता. तार जिथे छेडावी, तो बिंदू ज्या उपस्वराच्या कंपनात स्थिर राहतो, तो उपस्वर निघू नये. तार दोन भागांत हलते तेव्हा तिचा मध्यबिंदू स्थिर असतो. म्हणून तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर ऐकू येता कामा नये. तंबोरा आणि वीणा मात्र हा नियम जुमानत नाहीत, असे रामन यांनी १९२१ साली एका छोट्या निबंधात दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत आहे, असे सांगितले. गणिताने जे स्वर नाकारले होते, ते आपल्या कारागिरांनी केवळ कानाच्या जोरावर घोडी घासून मिळवले होते.

आता पाव कंपनाच्या प्रश्नाकडे परत येऊ. जोडीच्या दोन तारांत पाव कंपनाचा फरक असेल, तर त्यांच्या दहाव्या उपस्वरांत त्याच्या दहापट, म्हणजे अडीच कंपनांचा फरक पडेल. मूळ स्वर चार सेकंदांत एक हेलकावा घेत असताना वरचा उपस्वर सेकंदाला अडीच हेलकावे घेईल, आणि ते कानाला सहज कळतील. बारीक अक्षर वाचायला भिंग लागते, तसे जवारी हे कानाचे भिंग आहे. ज्या झंकारामुळे तंबोरा गोड वाटतो, तोच झंकार त्याची लहानात लहान चूकही उघडी पाडतो.

आणि सारे जुळले, की एक नवल घडते. वरच्या यादीत ३५० हा खर्जाचा पाचवा उपस्वर होता. २८० ला ‘सा’ मानले, तर ३५० हा त्याच्या सव्वापट, म्हणजे शुद्ध गांधार होय. चारांपैकी एकही तार गांधारात लावलेली नसते, तरी तो स्पष्ट ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकू आला, की तंबोरा लागला असे समजावे.

लावलेला तंबोरा उतरतो कसा?

तंबोरा सकाळी लावला आणि दुपारी पाहिला, तर तो उतरलेला असतो. यात कोणाचा दोष नसतो. पुढील हिशेब पाहा. जोडीची पोलादी तार सुमारे एक मीटर लांब आहे असे धरू. तिला १४० वर आणण्यासाठी जो ताण द्यावा लागतो, त्याने ती मूळ लांबीपेक्षा जेमतेम ३ मिलिमीटर वाढते. सारा स्वर या ३ मिलिमीटरांवर उभा असतो! आता खोलीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने वाढले, तर उष्णतेने तार ०.०६ मिलिमीटर लांब होईल. ही वाढ आपल्या केसाच्या जाडीइतकी आहे. दांडीची लांबी बदलली नाही असे मानले, तर तेवढ्याने ताण शेकडा २ ने कमी होईल आणि कंपनसंख्या शेकडा १ ने, म्हणजे जवळजवळ दीड कंपनाने उतरेल. पाव कंपन ओळखणाऱ्या कानाला हा फरक मोठाच आहे. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून खर्जाची तार आणखी उतरते. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगते, त्याचाही परिणाम होतो. म्हणूनच तंबोरा खिडकीतल्या उन्हात, चुलीजवळ किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवू नये, आणि गाण्याच्या खोलीत आणल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्यावा.

आज मोबाइलमध्ये तयार तंबोरा मिळतो. तो कधी उतरत नाही, प्रवासात सोबत येतो, आणि रोजच्या सरावाला त्याचा उपयोग आहेच. पण तो आपल्याला तयार ‘सा’ देतो. खऱ्या तंबोऱ्यात ‘सा’ आपल्याला शोधावा लागतो. केसाएवढ्या फरकाचा माग काढत हेलकावे संथ करत नेण्यातच कान घडतो. आणि शेवटचा हेलकावा थांबून चारही तारा एक होतात, तेव्हाचा आनंद बटण दाबून मिळत नाही.

तुमच्या किंवा शेजारच्या घरात कोपऱ्यात गवसणीत उभा असलेला तंबोरा असेल, तर मोठ्यांना विचारून तो खाली घ्या. कदाचित त्याची एखादी तार गंजली असेल. ती आधी बदलून घ्या. मग फक्त जोडीच्या दोन तारा छेडा आणि हेलकावे मोजा. एक मणी अगदी थोडा खाली सरकवा. हेलकावे वाढले, तर तुम्ही चुकीच्या दिशेने गेलात. संथ झाले, तर वाट बरोबर आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, आठवड्याने दहा मिनिटे. जोड जुळली, की खर्ज आणि पंचम मोठ्यांकडून लावून घ्या, डोळे मिटा आणि गांधार ऐकू येतो का ते पाहा.